यंत्रातला चकवा

कोकणातल्या वाचकांना चकवा म्हणजे काय हे सांगावयास नको. घाटावरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. रात्री ओळखीच्या वाटेने निघालेला मनुष्य चालता चालता वाट चुकतो. घटकाभर पायपीट करून पाहतो, तो पुन्हा त्याच आंब्याखाली उभा! वाट तीच, पाय तेच, डोळे उघडे. तरी घर काही येत नाही. जाणती माणसे सांगत की, चकवा लागला असे वाटले म्हणजे धावू नये. जागच्या जागी बसावे आणि उजाडू द्यावे.

हे आठवण्याचे कारण आमच्या नातवाचा कॉम्प्युटर.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी त्याने तो घरीच जोडला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणला: मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरीच्या दोन पट्ट्या, डिस्क, वीज पुरवणारा तो जड डबा आणि हे सारे पोटात घेणारी काचेच्या दाराची पेटी. निम्मे पैसे त्याच्या शिकवण्यांचे, निम्मे माझ्या पेन्शनीतले. सूनबाईंचे म्हणणे होते की, तयार यंत्र आणावे, म्हणजे काही झाले तर विचारायला कोणी तरी असते. मी नातवाची बाजू घेतली. त्यामुळे पुढे जे घडले त्यात माझाही वाटा होता, हे आधीच कबूल करतो.

चार दिवस यंत्र उत्तम चालले. पाचव्या दिवशी पडदा एकाएकी निळा पडला, यंत्र आपणहून बंद झाले आणि पुन्हा सुरू झाले. मग हे नित्याचे झाले. कधी तासाला एकदा, कधी तीन दिवस काही नाही. कधी खेळ खेळताना, तर कधी कोणी हात लावलेला नसताना. निळ्या पडद्यावर कारण लिहून येई, पण दर वेळी निराळे! मुलाने एकेकावर संशय घेतला. प्रथम उष्णतेवर, म्हणून पेटीचे दार उघडून टेबलफॅन लावला. मग विजेवर, म्हणून मित्राकडचा वीजडबा आणून जोडला. मग विंडोजवर, म्हणून ते पुसून नव्याने घातले, तर तेही निम्म्यावर अडकले. प्रत्येक उपायानंतर दिवसभर यंत्र शहाण्यासारखे वागे, आम्ही पेढे आणायच्या बेतात येऊ, आणि पुन्हा तोच आंबा!

एवढ्यावर थांबते तर बरे होते. सांगलीला माझी थोरली बहीण असते. तिचे सहस्रचंद्रदर्शन मार्गशीर्षात ठरले होते, आणि त्यासाठी घराण्यातल्या जुन्या फोटोंचे एक पुस्तक छापावे असे सर्वानुमते ठरले. ताईने जिवापाड जपलेले तीन आल्बम एसटीने आले. नातवाने एकेक फोटो स्कॅनरखाली घालून यंत्रात उतरवला आणि आल्बम सांगलीला परत गेले. दसऱ्याच्या सुमारास आम्ही ते फोटो पाहावयास बसलो, तेव्हा ताईच्या लग्नाच्या फोटोत मधल्या रेघेपासून खाली सगळे वऱ्हाड हिरवे-जांभळे झालेले! वरची डोकी ठीक, खालचे शालू आणि धोतरे भलत्याच रंगांची, आणि सारे चित्र बोटभर डावीकडे सरकलेले. असे एकूण अकरा फोटो निघाले. बाकीचे दिसावयास ठीक होते. पण ते खरोखरच ठीक आहेत, की आपल्याला न दिसणारे काही त्यांत बिघडले आहे?

सूनबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. यंत्रातले मला कळत नाही. पण एखादी गोष्ट समजेनाशी झाली की तिचा पूर्वेतिहास शोधावयाचा, ही सवय जडलेली. त्या आठवड्यात मी जे वाचले ते असे की, आमच्या घरातला चकवा मुळीच नवा नव्हता. कॉम्प्युटर जितका जुना, तितकाच तोही जुना.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एकर्ट आणि मॉकली या दोघांनी ‘एनियाक’ नावाचे गणनयंत्र बांधले. १९४६ च्या फेब्रुवारीत ते जगापुढे आले. त्यात रेडिओत असत तसले सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना ठाऊक असेल की, पाचसहा व्हॉल्व्हांच्या त्या पेटीतलाही एखादा वर्षाआड जाई. मग अठरा हजारांचे काय होणार? असले यंत्र कधी सलग चालणारच नाही, असे भल्याभल्यांचे मत होते. एकर्ट हा मोठा सावध मनुष्य. व्हॉल्व्हांना जेवढी वीज सोसते असे कारखानदार सांगत, त्याहून पुष्कळ कमी विजेवर त्याने ते चालवले. उंदरांनी तारा कुरतडू नयेत म्हणून त्याने काही उंदीर पाळून उपाशी ठेवले, त्यांच्यापुढे निरनिराळ्या वेष्टनांच्या तारा टाकल्या आणि जी तार त्यांना आवडली नाही ती यंत्रासाठी निवडली, असेही सांगतात.

तरी आरंभी व्हॉल्व्ह जळतच. मग ध्यानात आले की, बहुतेक व्हॉल्व्ह यंत्र चालू करताना तापतात किंवा बंद केल्यावर निवतात, त्या वेळीच जातात. आपल्या घरातला जुना पिवळा दिवाही बटण दाबतानाच उडत असे, तसलाच प्रकार. तेव्हा यंत्र बंदच करावयाचे नाही असे ठरले. पुढे पुढे दोन दिवसांत एखादाच व्हॉल्व्ह जाई, आणि तो कोठला हे पंधरा मिनिटांत सापडे, असे एकर्टनेच नंतर सांगितले आहे.

अठरा हजारांतला एक पंधरा मिनिटांत! हे शोधकाम करणाऱ्यांत सहा तरुणी होत्या, हे पुष्कळ वर्षे जगाला ठाऊकच नव्हते. के मॅकनल्टी, बेट्टी स्नायडर, जीन जेनिंग्ज, मार्लिन वेस्कॉफ, रूथ लिक्टरमन आणि फ्रान्सिस बिलास. तोफगोळ्यांचे मार्ग हाताने गणित करून काढण्यासाठी सैन्याने त्यांना नेमले होते. पुढे हे यंत्र चालवावयाचे काम त्यांच्याकडे आले. शिकावयास पुस्तक नाही, सांगावयास गुरू नाही. जोडणीचे नकाशे समोर पसरून त्यांनी यंत्र आतून समजून घेतले, आणि चूक नेमक्या कोणत्या कपाटातल्या कोणत्या व्हॉल्व्हात आहे येथपर्यंत माग काढण्यात त्या तरबेज झाल्या.

त्यांची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १५ फेब्रुवारी १९४६ रोजी मोठ्या लोकांपुढे यंत्राचे प्रात्यक्षिक होते. तोफगोळ्याचा मार्ग यंत्राने काढून दाखवावयाचा होता. आदल्या रात्री पाहतात तो गोळा जमिनीवर पडला तरी यंत्र थांबेना. गोळा जमिनीच्या पोटात शिरून चाललाच आहे! पुष्कळ शोधले, सापडेना. अखेर सगळ्या घरी गेल्या. बेट्टी स्नायडरला झोपेत उत्तर सुचले. सकाळी येऊन तिने एकच बटण फिरवले आणि गोळा जमिनीवर थांबू लागला. प्रात्यक्षिक फार वाखाणले गेले. त्या रात्रीच्या मेजवानीचे आमंत्रण मात्र या सहाजणींना नव्हते.

आता पाहा, जळका व्हॉल्व्ह ही यंत्राची चूक, आणि थांबेना तो गोळा ही यंत्राला दिलेल्या सूचनेतली चूक. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आपली चूक कोणत्या जातीची आहे हे कळले म्हणजे निम्मे काम झाले; आणि ते निम्मेच फार अवघड. आमचा नातू विंडोज पुसून पुन्हा घालीत बसला तो याच फाट्यावर चुकला होता.

चुकीला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. त्याची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल, म्हणून थोडक्यात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या यंत्राच्या एका रिलेत खरोखरचा पतंग अडकून मेलेला सापडला. कोणी तरी तो रोजनिशीत चिकटपट्टीने चिकटवला आणि प्रत्यक्ष किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, असा शेरा मारला. ते पान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. शब्द मात्र त्या पतंगाहून जुना. एडिसनने १८७८ मध्येच तो आपल्या यंत्रांतल्या खोडींसाठी वापरला होता. म्हणूनच तर तो शेरा विनोदी! पतंगाचे एक बरे असते, तो सापडतो. जो कधी असतो आणि कधी नसतो, त्याचे काय करावयाचे?

त्याचे उत्तर मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे ज्याला आपली मुले ‘एमआयटी’ म्हणतात तेथे, सापडले. तेथे जे फॉरेस्टर यांच्या हाताखाली ‘व्हर्लविंड’ नावाचे यंत्र तयार होत होते. वैमानिकांच्या शिक्षणासाठी म्हणून ते आरंभले. पुढे रडारवर दिसणाऱ्या विमानांचा माग ठेवण्याच्या कामी त्याची योजना झाली. पगाराचा हिशेब करणारे यंत्र दुपारी बंद पडले तर संध्याकाळी चालवता येते. आकाशात विमान असताना यंत्राने डोळे मिटून चालत नाही.

फॉरेस्टर यांच्या मंडळींनी दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही मला फार शहाणपणाच्या वाटतात. पहिली अशी. व्हॉल्व्ह एकाएकी मरत नाही. तो आधी अशक्त होतो आणि अधूनमधून चुकतो. तेव्हा त्यांनी रोज दुरुस्तीच्या वेळी मुद्दामच वीज थोडी कमीजास्त करावयास आरंभ केला. निरोगी व्हॉल्व्ह तेवढे सोसत. अशक्त तेथेच मान टाकीत. म्हणजे चूक येण्याची वाट पाहावयाची नाही, तिला आपल्या सवडीच्या वेळी बोलावून घ्यावयाचे.

दुसरी गोष्ट मेमरीची. त्या काळी यंत्राची स्मृती दूरदर्शनच्या नळीसारख्या नळ्यांच्या काचेवर विजेच्या ठिपक्यांनी साठवीत. ठिपके विरत, एकमेकांत मिसळत. व्हर्लविंडचे दुखणे बहुतांशी या नळ्यांचे होते. फॉरेस्टर यांनी त्याऐवजी तारांच्या जाळीत ओवलेले लोहचुंबकी मणी वापरावयाचे ठरवले. प्रत्येक मणी एका किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकित होई. तेच शून्य आणि तोच एक. पण ही नवी स्मृती विश्वासाची आहे हे कसे ठरवावे? एकदम मोठ्या यंत्रात घातली आणि यंत्र चुकले, तर दोष मण्यांना द्यावा की जुन्या व्हॉल्व्हांना? म्हणून केवळ मेमरी तपासण्यासाठी एक स्वतंत्र कॉम्प्युटर बांधला गेला! नावही तसेच, ‘मेमरी टेस्ट कॉम्प्युटर’. तो बांधणारा तरुण इंजिनिअर केन ओल्सन पुढे १९५७ मध्ये ‘डिजिटल इक्विपमेंट’ या प्रख्यात कंपनीचा संस्थापक झाला. १९५३ च्या ऑगस्टात मणी व्हर्लविंडमध्ये बसले. मेमरी पूर्वी दोन तासांत एकदा चुकत असे, ती दोन आठवड्यांत एकदा चुकू लागली. आणि रोज चार तासांची तिची शुश्रूषा आठवड्याला दोन तासांवर आली.

तसलेच मणी लवकरच आपल्या मुंबईतही आले. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५५ च्या सुमारास एक कॉम्प्युटर बांधावयास घेतला गेला. आधी एक लहानसे नमुन्याचे यंत्र केले. ते १९५६ च्या अखेरीस चालले. पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत सुरू झाले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोध होते. स्मृतीत प्रत्येकी चाळीस अंकांचे २,०४८ शब्द मावत. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. मला यात विशेष वाटते ते असे की, हे यंत्र बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यापूर्वी कॉम्प्युटर हाताळलेलाही नव्हता. चुकले तर विचारावयास दुकानदार नव्हता, शेजारच्या गावात दुसरे तसले यंत्र नव्हते. आधी लहान नमुना करून तो चालता करावयाचा आणि मग मोठ्याला हात घालावयाचा, ही त्यांची रीत. नातवाला मी हे सांगितले, तेव्हा तो एकदम म्हणाला, “म्हणजे आजोबा, एका पट्टीवर चालवून बघायला हवं.” इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले; पण त्याचा इतका तत्काळ उपयोग झालेला मी प्रथमच पाहिला.

सहज हिशेब केला. टिफ्रॅकच्या सगळ्या स्मृतीत मिळून ८१,९२० शून्य-एक मावत. नातवाच्या यंत्रातल्या बोटभर रुंदीच्या एका पट्टीत ते तेरा हजार सातशे कोटींहून अधिक मावतात. त्यांतला एक जरी खोटे बोलू लागला तर काय होईल?

हा प्रश्न अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाला १९४७ च्या सुमारास पडला होता. शनिवार-रविवारी, कोणी नसताना, रिलेच्या यंत्रावर आपले गणित लावून तो घरी जाई. ते यंत्र इतके हुशार की, आत चूक झाली तर त्याला कळे. पण कळल्यावर ते काय करी? ते गणित टाकून देऊन पुढचे घेई! सलग दोन सोमवारी आपले काम तसेच पडलेले पाहून हॅमिंगचे पित्त खवळले. चूक झाली एवढे यंत्राला समजते, तर ती कोठे झाली हे त्याने का शोधू नये, आणि तेथेच दुरुस्त का करू नये? त्या रागातून १९५० मध्ये त्याचा चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांवरचा प्रसिद्ध निबंध आला.

त्यातले मर्म आपल्या जुन्या पंतोजींना परके वाटले नसते. आपण बेरीज केल्यावर ताळा पाहतो, तसा यंत्राने आकड्यांचा ताळा ठेवावयाचा. दुकानदार वहीत आकड्यांचा चौकोन मांडतो, प्रत्येक आडव्या ओळीची आणि उभ्या रकान्याची बेरीज बाजूला लिहितो. एखादा आकडा चुकला तर एक आडवी बेरीज चुकते आणि एक उभी. जेथे त्या दोन रेषा एकमेकींना छेदतात तेथे चोर! आणि शून्य-एकांच्या जगात चोर सापडला की दुरुस्ती सोपीच, कारण जो एक नाही तो शून्यच.

मण्यांची मेमरी पुढे मागे पडली आणि सिलिकॉनच्या चिपा आल्या. त्यांत प्रत्येक शून्य-एक म्हणजे एका अतिसूक्ष्म भांड्यातला विजेचा थेंब. भांडे गळके, म्हणून यंत्राला सेकंदात अनेक वेळा प्रत्येक भांडे तपासून पुन्हा भरावे लागते. १९७८ च्या सुमारास अमेरिकेतल्या इंटेल कंपनीच्या चिपा विचित्र चुका करू लागल्या. एखादा अंक अकारण उलटा होई; पुन्हा लिहिला की तीच जागा निर्दोष, आणि ती चूक तेथे पुन्हा येत नसे. टिमथी मे आणि मरे वुड्स या दोघांनी याचा छडा लावला. चिपांवरची चिनी मातीची वेष्टने जेथे होत तो कारखाना एका नदीवर होता, आणि त्या नदीच्या वरच्या अंगाला युरेनियमची एक जुनी गिरणी होती. किरणोत्सर्गी द्रव्याचा किंचित अंश पाण्यातून वेष्टनात उतरला. त्यातून सुटणारा अल्फा कण चिपेतून आरपार गेला की त्या भांड्यातला थेंब बिघडे. मातीतला दोष अंकांत उतरला!

तेवढ्यात आयबीएम कंपनीचे जेम्स झीग्लर आणि त्यांचे सहकारी म्हणू लागले की, आकाशातून येणारे विश्वकिरणही हाच उद्योग करीत असणार. पुढे त्यांनी चिपा कोलोरॅडोतल्या लेडव्हिल या दहा हजार फुटांवरच्या गावी नेऊन ठेवल्या, तर चुका वाढल्या. जमिनीखाली खडकाच्या आड नेल्या, तर आकाशातून होणाऱ्या चुका नाहीशा झाल्या.

हे केवळ शास्त्रज्ञांचे कुतूहल नव्हे. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक येथे एका उमेदवार बाईंना इतकी मते पडली की तितकी पडणे शक्यच नव्हते. पुन्हा मोजणी केली, तेव्हा बरोबर ४,०९६ मते जादा निघाली. एकाची बारा वेळा दुप्पट केली की हाच आकडा येतो. म्हणजे यंत्राच्या स्मृतीतला तेरावा अंक शून्याचा एक झाला होता. यंत्राची पुष्कळ तपासणी झाली, दोष सापडला नाही. स्मृतीतला एक अंक आपोआप उलटला एवढाच निष्कर्ष निघाला. आकडा अशक्य होता म्हणून लक्षात आले. एखाद्याला सोळाच मते जादा पडली असती तर?

आता वाचक विचारतील की, ताळ्याची युक्ती १९५० मध्येच ठाऊक होती, तर आमच्या ताईचे वऱ्हाड हिरवे कसे झाले? याचे कारण काटकसर. आयबीएमच्या १९८१ सालच्या घरगुती यंत्रात प्रत्येक आठ अंकांमागे नववा ताळ्याचा अंक असे. ताळा चुकला की यंत्र तेथल्या तेथे थांबे. पण नऊ अंकांची मेमरी आठांपेक्षा महाग. १९९० नंतरच्या दशकात स्वस्ताईची चढाओढ लागली आणि घरगुती यंत्रांतून तो नववा अंक काढून टाकण्यात आला. बँकांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत मात्र चुका दुरुस्त करणारी मेमरी राहिली. डीडीआर पाच या अलीकडच्या मेमरीत चिपेच्या पोटात ताळा असतो खरा. पण चिपेतून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे चुकेल ते त्याच्या कक्षेबाहेर. हिशेबनिसाला काढून टाकून पगार वाचवावा, त्यातलाच हा प्रकार, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरी आमच्या घरातल्या चुकीचा आळ विश्वकिरणांवर घालण्याचा मोह आवरला पाहिजे. गूगल कंपनीच्या हजारो यंत्रांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, वर्षभरात शंभरांतल्या आठांहून अधिक पट्ट्यांत चूक आढळते. आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा पुन्हा चुकते. आकाशातला कण कोणावरही पडेल. वारंवार तेच घडू लागले की दोष घरातच शोधावा.

तो शोधण्याचे साधन फुकट मिळते. ख्रिस ब्रेडी याने १९९४ मध्ये ‘मेमटेस्ट’ नावाचा कार्यक्रम लिहिला. विंडोजच्या आधीच तो सुरू होतो, मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक खूण लिहितो, परत वाचतो, मग बरोबर उलटी खूण लिहून पुन्हा वाचतो. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. शेजारच्या घराच्या लिहिण्याने हे घर हलते का, हेही त्यात पाहिले जाते. ओल्सनने त्यासाठी अख्खे यंत्र बांधले. आता यंत्र स्वतःच स्वतःची परीक्षा घेते. मात्र घाई उपयोगाची नाही. रात्रभर चालू द्यावे लागते.

कोजागरीच्या रात्री आम्ही ते लावले. घरात दूध आटत होते, गच्चीवर मंडळी जमली होती, आणि आम्ही दोघे निळ्या पडद्यापुढे बसलेले. पहिला तास काही नाही. नातू म्हणाला, “आजोबा, मेमरी ठीक आहे बहुतेक.” मी म्हटले, “बस.” साडेअकराच्या सुमारास पडद्यावर एक तांबडी ओळ उमटली. मग दुसरी, मग भराभर. मला त्या ओळी पाहून जो आनंद झाला तो सूनबाईंना समजावून सांगणे कठीण गेले.

पुढचे दिवस पद्धतशीर. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि वहीत लिहून ठेवावयाची, हा नियम मी घातला. मेमरीच्या खोक्यावर छापलेला वेग हा तिच्या मूळ मानकापेक्षा अधिक असतो आणि तो मुद्दाम चालू करावा लागतो. नव्या यंत्रांच्या पुष्कळ तक्रारी तेथेच उगम पावतात, असे कळले. तो वेग उतरवला. तांबड्या ओळी कमी झाल्या, गेल्या नाहीत. मग एक पट्टी काढली. पहिली पट्टी एकटी, रात्रभर: निर्दोष. तीच दुसऱ्या खाचेत: निर्दोष. दुसरी पट्टी एकटी: वीस मिनिटांत तांबडी. खाच बदलली, तरी तांबडी, आणि चुकीच्या जागांचे आकडेही जवळजवळ तेच. म्हणजे खाच नाही, वीज नाही, उष्णता नाही, विंडोज नाही. तेरा हजार सातशे कोटींतली काही थोडी घरे, एवढाच चकवा.

निळ्या पडद्यावरचे कारण दर वेळी निराळे का, तेही मग उलगडले. ती बिघडलेली घरे कधी खेळाच्या वाट्याला येत, कधी विंडोजच्या, कधी ताईच्या लग्नाच्या. ज्याच्या वाट्याला येत तो कोसळे आणि आळ त्याच्यावर येई.

दुकानदाराने तांबड्या ओळींचे फोटो पाहिले, वही चाळली, कपाळाला आठी घातली आणि पुढच्या पंधरवड्यात दोन्ही पट्ट्या बदलून दिल्या. त्या जोडीनेच विकतात आणि जोडीनेच परत घेतात. नव्या पट्ट्यांवर आम्ही दोन रात्री परीक्षा घेतली. तेव्हापासून निळा पडदा दिसलेला नाही.

फोटोंचा प्रश्न उरला. अकरा तर उघडच बिघडलेले; पण त्या काळात उतरवलेल्या एकाही फोटोची खात्री देता येत नव्हती. शेवटी मी ताईला फोन केला. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “अरे, पण माझे आल्बम ठीक आहेत ना?” मी म्हटले, ठीक आहेत. “मग पुन्हा पाठवते. आणि त्या मुलाला रागावू नकोस.” चौथ्या दिवशी एसटीच्या पार्सल ऑफिसातून गाठोडे सोडवून आणले. जुन्या लुगड्यात बांधलेले तीन आल्बम, आणि वर एक चकल्यांचा डबा. सूनबाईंनी गाठ सोडली, पहिला आल्बम उचलून स्कॅनरजवळ ठेवला आणि नातवाला म्हणाल्या, “चल, मी पानं उलटते.”